सीलबंद कुकर

निवडणूक हा लोकशाहीचा सर्वांत मोठा उत्सव आहे. जिल्ह्याहून छापून आलेल्या फलकावरचं हे वाक्य आमच्या अंगणवाडीच्या दारावर पाच दिवस लावलेलं होतं. त्याच्या खाली माझ्या हातची जुनी पाटी होती : 'नाक पुसून आत यावे.' त्या पाच दिवसांत आत आलेल्यांपैकी काही जणांनी निदान खालची पाटी वाचायला हवी होती.

मी चौतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. माहेर मुरबाडकडचं, सासर खर्डी आणि उंबरमाळीच्या मधल्या एका पाड्यावर, आणि नोकरी त्याच पाड्यावर, घरापासून तीनशे पावलांवर. बाहेरच्या माणसाला अंगणवाडी म्हणजे मुलांना गाणी शिकवणारी बाई एवढंच माहीत असतं. गाणी मी शिकवली, पण माझं खरं काम मोजण्याचं. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं वजन, उंची आणि दंडाचा घेर. घेरासाठी एक पट्टी मिळते, ती डाव्या दंडाभोवती गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर पट्टीवर लाल रंग दिसतो, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल म्हणजे मूल धोक्यात.

अशा मुलासाठी अंगणवाडीत तीस दिवसांचं आहार केंद्र चालवतात. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं, तेल-तुपाचं, ताजं शिजवलेलं. मऊ खिचडी, कुस्करलेलं अंडं, बटाटा, पिठाची पेज. सहा वेळा अशासाठी की त्या मुलाचं पोट मुठीएवढं असतं, एका वेळी जास्त भरवलं की ते उलटून टाकतं. यात अवघड काहीच नाही. फक्त तीस दिवसांत एकही दिवस चुकवायचा नाही. एकही दिवस न चुकता आपल्याकडे काय काय चालतं, याची यादी वाचकांनी स्वतःच करावी. फार वेळ लागणार नाही.

निवडणुका मला नव्या नव्हत्या. शाळेच्या छपराचा भरवसा नाही आणि अंगणवाडी सिमेंटची, म्हणून आमचं मतदान केंद्र अंगणवाडीतच. एकदा सहा फुटी केंद्राध्यक्ष दिवसभर मुलांच्या खुर्चीत बसले. संध्याकाळी ते उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. एकदा भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यावर कागद चिकटवला गेला, कारण कुणाची तरी निशाणी सफरचंद होती. कागद काढायला कुणी आलं नाही आणि मी काढला तेव्हा आंबा आणि केळं त्याच्याबरोबर निघून आली. असल्या गोष्टींवर मी हसत आले. नोकरी संपायच्या आदल्या वर्षीची विधानसभा मात्र मला हसता आली नाही.

त्या वर्षी आमच्या आहार केंद्रात एकच मूल होतं. परी, वीस महिन्यांची, वजन सात किलोला दोनशे ग्रॅम कमी, अजून भिंत धरून उभी राहणारी. तिची आई सुनंदा बावीस वर्षांची, नववी शिकलेली. सुनंदा आणि तिचा नवरा दिनेश दरवर्षी दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात आणि आखाडाच्या तोंडावर परत येत. त्या वर्षी भट्टीवाल्याचा टेम्पो मतदान होईपर्यंत येणार नव्हता. मतदार हलवू नयेत, असं वरून ठरलं होतं. एरवी अर्धा पाडा निघून जातो आणि कुणी विचारत नाही. त्या वर्षी प्रत्येक माणूस एकाएकी जपून ठेवण्यासारखा झाला. त्यामुळे परीला माझ्याकडे सलग तीस दिवस मिळत होते. तिसावा दिवस मतदानाच्या दुसऱ्या दिवशी येत होता आणि टेम्पोही त्याच सकाळी. निवडणुकीनं आम्हाला हे तीस दिवस दिले, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते.

पहिल्या दिवशी परीचा दंड अकरा पूर्णांक एक भरला. सुनंदा पट्टी वाचायला दोन दिवसांत शिकली. माझ्याआधी तीच आकडा सांगे.

"ताई, ही पिवळी झाली ना, का मी निर्धास्त जाईन," ती म्हणायची. "भट्टीवर काय धूळ असते, तुमाला ठावं नाय. तिथं पोर टिकायला आंगात काय तरी पायजे. आन परत आली का मी दहावीचा फारम भरनार. शेवंतामावशी रिटायर झाली का तिची जागा मलाच."

शेवंता म्हणजे आमची मदतनीस. स्वयंपाक तिच्याकडे. ती शेगडीपाशी बसून सगळं ऐकत असे.

"मी आजून मेली नाय गो!"

"मावशी, रिटायर बोलली मी."

"आमच्यात दोनी एकच."

त्या जागेला आता बारावी लागते, असं मी सुनंदाला सांगितलं. "मग बारावी," ती म्हणाली आणि परीच्या तोंडात चमचा घातला.

चोविसाव्या दिवशी परी अकरा पूर्णांक चारवर आली. पिवळ्याला एक मिलिमीटर बाकी होता. त्याच दिवशी एक मोठे उमेदवार प्रचाराला आले. सोबत फोटो काढणारा होता. उमेदवारांनी आजूबाजूला पाहिलं आणि सुनंदाच्या कडेवरून परीला उचललं.

"वा! काय गुटगुटीत बाळ आहे!" ते म्हणाले. फोटो निघाला. बाळ परत मिळालं.

गाड्या गेल्यावर सुनंदानं मला विचारलं, "ताई, लाल रंगात बी गुटगुटीत असतात का?"

"मतदान होईपर्यंत असतात," शेवंता म्हणाली.

पंचविसाव्या दिवशी क्षेत्रीय अधिकारी मतदान केंद्राची पाहणी करायला आले. हे कुठल्याशा खात्यातले साहेब, निवडणुकीपुरते आमच्या भागातल्या दहाबारा केंद्रांवर नेमलेले. त्यांच्या हातात उमेदवारांच्या निशाण्यांचा रंगीत तक्ता होता. नियम असा की मतदान केंद्रात कुठल्याही उमेदवाराची निशाणी दिसता कामा नये. नियम योग्यच आहे. साहेबांनी तक्ता एका हातात धरला आणि भिंतीवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवत निघाले. पतंग झाकला. ढोलकी झाकली. वजनकाट्यापाशी बराच वेळ थांबले, पण तराजू कुणाचा नव्हता, म्हणून तो वाचला. मग ते कोपऱ्यात आले. शेवंता परीची तिसऱ्या वेळेची खिचडी लावत होती.

"हा कुकर इथं का आहे?"

"शिजवायला," मी म्हणाले.

"ही निशाणी आहे." त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. खरंच होता, एका अपक्षाचा प्रेशर कुकर. त्याच्या खालीच दुसऱ्या अपक्षाची गॅसची शेगडी होती. "आणि ही पण."

"साहेब, ते चित्र आहे. हा कुकर आहे."

"चित्र झाकता येतं, ताई. वस्तू हलवावी लागते."

मी त्यांना तीस दिवसांचं गणित समजावून सांगितलं. रजिस्टर दाखवलं. सुनंदा परीला घेऊन दारातच उभी होती, तिला पुढे बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे लिहायला हवं. त्यांनी परीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मागच्या वेळी एका केंद्रावर घड्याळ राहिलं होतं भिंतीवर," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या अधिकाऱ्याचं निलंबन झालं. माझी दोन वर्षं राहिलीत."

पंचनामा झाला. प्रेशर कुकर, पाच लिटर, झाकणासह, एक. गॅसची शेगडी, दोन बर्नर, एक. मग साहेबांच्या लक्षात आलं की शिट्टी ही तिसऱ्याच उमेदवाराची निशाणी आहे. एकाच वस्तूवर दोन उमेदवारांच्या निशाण्या असणं बरोबर दिसणार नाही, म्हणून कुकरची शिट्टी काढून वेगळ्या पाकिटात घातली आणि पाकिटाला लाख लावली. सगळं ग्रामपंचायतीच्या कपाटात जाणार होतं. खाली वाक्य होतं, 'सदर साहित्य अंगणवाडी सेविका यांनी स्वखुशीने जमा केले.' त्याखालची सही माझी आहे. चौतीस वर्षांत मी हजारो सह्या केल्या, ही एक परत घेता आली तर घेईन.

"साहेब, पोरीला शिजवायचं कशात?" सुनंदानं विचारलं.

"चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

चार-पाच दिवसांचा प्रश्न. साहेबांच्या जेवणाचा चार-पाच दिवसांचा प्रश्न निघाला असता, तर त्यावर एक समिती बसली असती आणि समितीला जेवण मिळालं असतं.

त्या संध्याकाळी मी एक आगाऊपणा केला. कुकरवाल्या अपक्षाच्या पत्रकावर त्यांचा नंबर होता, त्यावर फोन लावला. म्हटलं, त्यांनी लेखी हरकत नाही म्हणून दिलं तर काही होईल. मागे बँड वाजत होता.

"मुरबाडला लग्नात हाय," ते ओरडून म्हणाले. "कुकर? ताई, मी कुकर मागितलाच नव्हता. मी ट्रॅक्टर मागितला होता. तुमी ठेवा ना कुकर!"

"तुम्ही माघार घेतली असती तर प्रश्नच नव्हता," मी म्हणाले.

"आवो, मला वाटलं कोनी तरी मनवायला येईल. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत घरात बसून होतो चहा टाकून. कोनीच आला नाय. मग वेळ संपली."

दुसऱ्या दिवशी मी हे साहेबांना फोनवर सांगितलं. ते घाबरले. सरकारी मानधनावरच्या बाईनं उमेदवाराशी संपर्क साधणं हाच आचारसंहितेचा भंग आहे आणि हे मी पुन्हा कुणाला सांगू नये, असं त्यांनी मला समजावलं. आता त्यांची दोन वर्षं संपली असतील, म्हणून इथे सांगते.

शेवंतानं अंगणवाडीमागे तीन दगड मांडले. दुपारी केंद्र सजवायला आलेल्या मंडळींनी उघड्या जाळाला मनाई केली. मतदान केंद्राच्या आवारात विस्तव नको. त्यांनी शंभर मीटरवर चुन्याची रेषा मारली, तिच्या आत काय काय नको याचीही यादी होती. मग आम्ही सुनंदाच्या घरच्या चुलीवर गेलो. तिचं घर रेषेच्या पलीकडे आहे. पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागे, लाकडं ओली, आणि सुनंदाला दिवसा भात कापायला जायचं असे. मी आणि शेवंता आळीपाळीनं जात होतो, पण आम्हा दोघींना केंद्राची साफसफाई, मतदार चिठ्ठ्या आणि रांगोळी अशी तीन कामं लागलेली होती. सहा वेळांच्या चार झाल्या. एका दिवशी तीन.

मतदानाच्या आदल्या दिवशी मला हुकूम आला. मतदारांच्या मुलांसाठी केंद्रावर पाळणाघराची सोय करावी. पाळणाघर प्रमुख : अंगणवाडी सेविका. म्हणजे ज्या खोलीतून मुलं काढली, त्याच खोलीच्या पडवीत मी मुलं ठेवायची होती. खेळणी हवीतच, असं हुकुमात लिहिलं होतं. मी खेळण्यांची पेटी काढली. साहेब तक्ता घेऊन बसले. बॅट गेली, विमान गेलं, ट्रक गेला, कपबशी गेली. शेवटी पेटीत एक पिवळं प्लॅस्टिकचं बदक राहिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि ठेवायला परवानगी दिली.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून मी, बदक आणि फुगे. सुनंदा मत देऊन बाहेर आली, बोटावर शाई, कडेवर परी. पदराखाली झाकलेला डबा होता. पहाटे चुलीवर केलेली खिचडी, वर तेल. त्या दिवशी तरी सहांतली एकही वेळ चुकवायची नाही असं आमचं ठरलं होतं. पाळणाघराच्या नावाखाली परी दिवसभर माझ्याजवळ राहणार होती. पहिल्या दोन वेळा झाल्या. केंद्राध्यक्ष शिक्षक होते, त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तिसरी वेळ चालू असताना साहेबांची जीप आली.

"हे काय?"

"पाळणाघर," मी म्हणाले.

"ते दिसतंय. हा आहार?"

"हिचा आहे."

"मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आवारात अन्नवाटप म्हणजे मतदाराला प्रलोभन. कुणी व्हिडिओ काढला तर?"

सुनंदा उभी राहिली. आवाज चढला नाही, पण रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"साहेब, ती वीस महिन्यांची हाय. ती आजून मत देत नाय."

"तुम्ही देता."

"मी दिलं ना." तिनं बोट वर केलं. "दिलं सकाळीच. आता तुमचं माज्याकडं काय काम उरलं? माजं तेवढं तुमच्याकडं हाय. कुकर द्या."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय गो तुजं." पोलीस खाकरला. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि सहानंतर बघू म्हणाले. सहानंतर म्हणजे मतदान संपल्यावर. परीच्या तोपर्यंत तीन वेळा होऊन जायच्या.

"त्या चुन्याच्या पलीकडं खाल्लं तर चालतं ना?" सुनंदानं विचारलं.

साहेबांनी विचार केला. चालतं म्हणाले.

मग दिवसभर सुनंदा परीला कडेवर घेऊन रेषेपलीकडे जायची, तिथे उन्हात मातीवर बसायची, आठ-दहा चमचे भरवायची आणि सावलीसाठी परत माझ्या पडवीत यायची. मी रेषेअलीकडे बसून होते. पाळणाघर सोडून जायची मला परवानगी नव्हती. रेषेच्या त्या बाजूला दोन मोठ्या पक्षांचे मांडव होते आणि त्यांत कार्यकर्त्यांचं जेवण चाललं होतं. ते नियमात बसत होतं, कारण ते रेषेबाहेर होतं. सुनंदा त्यांच्या मांडवाच्या सावलीत गेली नाही. मी तिला खुणेनं जा म्हटलं, तिनं मान हलवली. पाचव्या वेळेला परीनं तोंड फिरवलं. ऊन लागलं होतं. सहावी झालीच नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी सातलाच सुनंदा आली. दिनेश रस्त्यावर सामान घेऊन उभा होता, टेम्पोचा भोंगा वाजत होता. अंगणवाडीत भिंतीवर कागद होते, कोपरा रिकामा होता. मी परीला मांडीवर घेतलं आणि पट्टी गुंडाळली. सुनंदा वाकली.

"अकरा पूर्णांक चार," तिनं वाचलं. मग परत वाचलं. "जरा सैल धरा ना, ताई."

या पट्टीत सगळी कला तीच आहे. थोडी सैल धरली की मूल पिवळं होतं. अनेक ठिकाणी अशी पिवळी झालेली मुलं मला माहीत आहेत. मी म्हटलं, "सुनंदा, पट्टी तुला येते. तूच धर."

तिनं धरली. बरोबर धरली, मी शिकवली तशी, ना घट्ट ना सैल. परत अकरा पूर्णांक चारच आलं. मी तिला जादाची पट्टी दिली, पिठाची सहा पाकिटं दिली आणि कसं शिजवायचं ते पुन्हा सांगायला लागले.

"ठावं हाय," ती म्हणाली. "चूल तर माजीच होती."

टेम्पो गेला.

महिनाअखेरीला मला मोबाइलच्या ॲपवर आहार केंद्राचा अहवाल भरायचा होता. मूल लाल गटातच राहिलं तर कारण द्यावं लागतं. कारणं तीन दिलेली आहेत : आजारपण, स्थलांतर, पालकांचे असहकार्य. परी आजारी पडली नव्हती. स्थलांतर तीस दिवस पुरे झाल्यावर झालं, म्हणून ॲप ते घेत नव्हतं. मी पर्यवेक्षिकेला फोन केला आणि म्हटलं, कुकर जप्त केला असं कुठे लिहू?

"तसा पर्याय नाही, बाई. जे उरलंय ते दाबा. माझा अहवाल अडकलाय."

मी दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते वरून दाबलेलं होतं.

कुकर अकरा दिवसांनी परत आला. शिट्टीचं पाकीट सापडलं नाही. त्यानंतर आमच्या केंद्राला आदर्श मतदान केंद्राचं प्रशस्तिपत्र मिळालं, काचेच्या चौकटीत. पाळणाघराचा त्यात खास उल्लेख होता.

आखाडाच्या तोंडावर सुनंदा परत आली, ती परीला चालवत. पोर माझ्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी आली आणि उंबऱ्यावर अडखळली. भट्टीवर सुनंदानं विटांची चूल मांडली होती. पिठाची पाकिटं संपल्यावर नाचणी दळून आणली होती, आणि मुकादमाशी भांडून दर दोन तासांनी दहा मिनिटं उठत होती. त्या जादाच्या पट्टीवर तिनं पेनानं खुणा केल्या होत्या, दर पंधरा दिवसांनी एक. मी माझ्या पट्टीनं मोजलं. बारा पूर्णांक एक. सुनंदानं माझ्याआधी सांगितलं आणि दहावीचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं.

ते माझ्या नोकरीचे शेवटचे दिवस होते. मला परीची ही नोंद स्वतः करायची होती. ॲपमध्ये तिचं नाव लिहिलं, बारा पूर्णांक एक भरलं, आणि पडद्यावर उत्तर आलं की या बालकाची नोंद बंद करण्यात आली आहे. कारण : पालकांचे असहकार्य.